खान्देशात थिअरीचा कट्टा कसा चालवायचा: फळा, खडू आणि एकच प्रूफ

आपल्याकडे सेमिनार म्हटलं की सगळ्यात आधी बॅनर छापायला जातो. मग पाहुण्यांचा सत्कार, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय, हे सगळं होईस्तोवर अर्धा तास गेलेला असतो, मग चाळीस स्लाइड पळवायच्या आणि शेवटी "काही प्रश्न?" असं विचारलं की सगळे गप, कारण जेवणाची वेळ झालेली असते. असल्या कार्यक्रमातून बाकी काही शिकता येत असेल, कॉम्प्युटरची थिअरी येत नाही. अल्गोरिदम, कॉम्प्लेक्सिटी (एखाद्या कामाला कमीत कमी किती पायऱ्या लागतात ह्याचा अभ्यास), क्रिप्टोग्राफीच्या मागचं गणित, ह्या विषयांची खोडच अशी आहे की वाचताना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्याला सांगायला उभं राहिलं की तिसऱ्याच ओळीला घाम फुटतो. म्हणून आपल्याला अडवणारी चार माणसं लागतात, आणि ती माणसं जमवायची कशी, त्यांच्यासमोर काय आणि कसं बोलायचं एवढंच इथे लिहितोय.

मुंबईला टीआयएफआर, चेन्नईला आयएमएससी आणि सीएमआय, अशा संशोधन संस्थांमध्ये थिअरीवाले एकाच कॉरिडॉरमध्ये सापडतात. आपल्याकडे एक जण चोपड्याला, एक धुळ्याला, एक भुसावळहून अपडाऊन करणारा. त्यामुळे त्यांचा कट्टा आपोआप जमतो, आपला जमवावा लागतो, फरक एवढाच. आणि आपल्या भागाला हे नवीनही नाही बरं का, चाळीसगावजवळ पाटणला जो शिलालेख आहे तो शके ११२८ चा, त्यात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचं आणि त्या मठाला दिलेल्या देणगीचं लिहिलंय. म्हणजे एकाचं गणित चार जणांनी बसून समजून घ्यायचं ही सोय इथे आठशे वर्षांपूर्वीच केलेली होती.

माणसं

चार-पाच पुरेत, खरंच पुरेत. पन्नास जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढून सुरुवात करू नका, त्यात गुड मॉर्निंगच येणार. एमएससी कॉम्प्युटरचे दोन, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा एखादा, नेट-सेटची तयारी करणारी एखादी ताई, आणि गणिताच्या डिपार्टमेंटमधला किमान एक जण, हा शेवटचा सोडू नका. थिअरीच्या अर्ध्या प्रूफमध्ये (सिद्धतांमध्ये) शेवटी बहुपदी, मॅट्रिक्स नाहीतर संभाव्यता निघते आणि तिथे कॉम्प्युटरवाली पोरं हळूच खाली बघायला लागतात, गणितवाला मात्र तिथेच जागा होतो. त्याला ट्युरिंग मशीन (कॉम्प्युटरचं कागदावरचं गणिती मॉडेल) येत नसेल तर उत्तम, कारण मग ते तुम्हाला नीट सांगावं लागेल.

सरांना बोलवायचं का? बोलवा, पण आधीच सांगून ठेवा की सर, तुम्ही मागच्या बाकावर बसा आणि पहिला प्रश्न पोरांना विचारू द्या. सरांनी पहिल्या पाच मिनिटांत उत्तर देऊन टाकलं की बाकीचे वही काढून उतरवायला बसतात आणि कट्ट्याचा तास होऊन जातो. समजूतदार सर हे मनावर घेत नाहीत, उलट त्यांनाही बरं वाटतं की आपल्याला आज काही तयारी नाही.

जागा आणि वेळ

जागेची एकच अट, मोठा फळा पाहिजे. प्रोजेक्टर नसला तर चांगलंच, वीज गेली तरी खडू चालतो. परवानगी मागताना अर्जात "कार्यक्रम" हा शब्द घालू नका, तो घातला की फोटो, अहवाल, हजेरीपत्रक, उपस्थितांची संख्या सगळं मागे लागतं. "शनिवारी दुपारी दोन तास अभ्यासासाठी वर्गखोली" एवढंच लिहा आणि शिपाई काकांना चावीची वेळ आदल्या दिवशी सांगून ठेवा, हे काम अर्जाहून जास्त महत्त्वाचं आहे.

वेळ ठरवताना एसटीचं टाइमटेबल समोर ठेवा. अमळनेर-पाचोऱ्याच्या पोरांना परत जायची गाडी असते आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत ते मनाने स्टँडवर पोचलेले असतात, तेव्हा मुख्य प्रूफ त्या वेळेवर येऊ देऊ नका. एप्रिल-मेमध्ये दुपारचं नाव काढू नका, पारा ४४-४५ ला गेला की पत्र्याखालच्या वर्गात कोणाचं डोकं चालणार, सकाळी साडेसातला बसा आणि साडेनऊला मोकळे व्हा. एकूण वेळ दोन तास धरा, त्यात टॉकची तयारी चाळीस मिनिटांचीच करायची, बाकीचा वेळ अडवणाऱ्यांचा.

विषय निवडताना

इथेच सगळ्यात जास्त घाण होते. "क्वांटम कॉम्प्युटिंगची ओळख", "एआय आणि भविष्य", "पी विरुद्ध एनपी", असले विषय घेऊ नका, त्यात बोलणाऱ्याला काही सिद्ध करावं लागत नाही आणि ऐकणाऱ्याला काही पकडता येत नाही. नियम साधा ठेवा, एका टॉकमध्ये एक विधान आणि त्याचं एक पूर्ण प्रूफ. विधान एका वाक्यात फळ्यावर लिहिता आलं नाही तर विषय अजून पिकलेला नाही.

सुरुवातीला काराट्सुबाचा गुणाकार घ्या, म्हणजे मोठ्या संख्या कमी पायऱ्यांत गुणायची युक्ती. २३ गुणिले ४७ करायला शाळेच्या पद्धतीने एकेका अंकाचे चार गुणाकार लागतात. इथे तीनच करा: २ आणि ४ चा ८, ३ आणि ७ चा २१, आणि बेरजांचा म्हणजे ५ आणि ११ चा ५५. ५५ मधून ८ आणि २१ वजा केले की २६ उरतात, हा मधला आकडा. ८०० अधिक २६० अधिक २१ म्हणजे १०८१, संपलं. हीच युक्ती मोठ्या संख्यांवर पुन्हा पुन्हा वापरली की एन अंकी संख्यांना एनच्या वर्गाएवढ्या पायऱ्यांऐवजी एनच्या साधारण १.५८५ व्या घाताएवढ्याच लागतात. आणि ह्याची गोष्ट तर कट्ट्याचीच आहे. १९६० मध्ये मॉस्कोला कोल्मोगोरोव्ह ह्या मोठ्या गणितज्ञाने सेमिनारमध्ये सांगितलं की माझ्या अंदाजाने एनच्या वर्गापेक्षा कमीत हा गुणाकार होणार नाही, समोर बसलेल्या तेवीस वर्षांच्या काराट्सुबाने आठवड्याभरात तो अंदाज मोडून आणला, कोल्मोगोरोव्हने पुढच्या बैठकीत ते सगळ्यांना सांगितलं आणि सेमिनारच बंद केला. आपल्याकडे बंद करायची गरज नाही, पण अंदाज फळ्यावर लिहून ठेवायची सवय लावा.

कार्गरचा १९९३ चा मिन-कट अल्गोरिदम (बिंदू-रेघांच्या जाळ्याचे, म्हणजे ग्राफचे, कमीत कमी रेघा तोडून दोन तुकडे करायचा) पण मस्त बसतो, कुठलीही एक एज म्हणजे रेघ रँडम उचलायची, दोन टोकं एक करायची, दोन व्हर्टेक्स म्हणजे बिंदू उरेस्तोवर हेच, एवढाच अल्गोरिदम आणि प्रूफ एका फळ्यात मावतं. गणितवाला बोलणार असेल तर हाओ हुआंगने २०१९ ला सेन्सिटिव्हिटी कन्जेक्चर (हो-नाही उत्तर देणाऱ्या फंक्शनांबद्दलचा एक अंदाज) सोडवलं ते द्या, जवळपास तीस वर्षं अडून राहिलेला प्रश्न आणि प्रूफचा गाभा दोन पानांचा, आयगनव्हॅल्यू येत असल्या की झालं. आयआयटी कानपूरचं अग्रवाल, कयाल आणि सक्सेना ह्यांचं २००२ चं प्राइमॅलिटीचं (संख्या मूळ आहे का ते ओळखायचं) काम सगळ्यांना सांगायचं असतं, कारण त्यातले दोघे तेव्हा नुकतेच बीटेक झालेले, पण पूर्ण घेऊ नका, ज्या बहुपदीच्या ओळखीवर ते सगळं उभं आहे तेवढी एकच ओळख सिद्ध करा, चाळीस मिनिटं तिलाच लागतात.

पेपर कुठून आणायचे तर अर्काइव्ह आणि ईसीसीसी ह्या पेपरांच्या वेबसाइटवरून, दोन्ही फुकट. एनपीटीईएलवर आपल्याच आयआयटीवाल्यांची लेक्चर आहेत. शिवाय प्राध्यापक लोक आपल्या पानावर लेक्चर नोट्स टाकून ठेवतात आणि पहिल्या टॉकला मूळ पेपरपेक्षा त्या नोट्सच बऱ्या, पेपर जाणकारांसाठी लिहिलेला असतो आणि त्यात गाळलेल्या पायऱ्या भरण्यातच तुमचा महिना जातो.

तयारी

पेपर वाचून झाला की मिटवा आणि कोऱ्या कागदावर प्रूफ लिहायला घ्या. जिथे अडाल तिथे पेपर उघडून फक्त तेवढी ओळ बघा, परत मिटवा. जिथे जिथे उघडावा लागला त्या जागांवर खूण करा, टॉकमध्ये लोक बरोबर तिथेच अडवणार आहेत, नाही अडवलं तर त्यांना झोप लागलीय असं समजा. मग सगळ्यात लहान उदाहरण शोधा ज्यात गोष्ट खरोखर घडते, हाताने आकडे घालून करा, कॅल्क्युलेटरशिवाय होईल एवढं लहान. आणि तिसरं, प्रूफमधली प्रत्येक अट एकेक करून काढून बघा, ही अट नसती तर काय बिघडलं असतं? ह्या तिसऱ्या कामाला लोक कंटाळतात आणि खरी समज तिथेच असते.

एक टॉक सुरुवातीपासून शेवटपर्यंत

नुसते नियम सांगून उपयोग नाही, म्हणून एक टॉक पूर्णच लावून दाखवतो. विषय कम्युनिकेशन कॉम्प्लेक्सिटीतला, म्हणजे दोघांनी मिळून उत्तर काढायला एकमेकांना कमीत कमी किती बिट पाठवावे लागतात ह्याचा, ही शाखा अँड्र्यू याओच्या १९७९ च्या पेपरपासून सुरू झाली.

फळ्यावर प्रश्न असा लिहा: एक जण जळगावला, एक धुळ्याला, दोघांकडे एन बिटांची एकेक फाइल, दोन्ही सेम आहेत का हे कमीत कमी बिट पाठवून ठरवायचं. लगेच कोणीतरी म्हणेल, "हॅश (फाइलीवरून काढलेला छोटा ठसा) पाठवा ना भो." त्याला छान म्हणा आणि अंदाजांच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पण विचारा की दोन वेगळ्या फाइलींचा हॅश सेम आला तर? इथे पाच मिनिटं भांडू द्या.

मग पहिलं विधान: नाणं न उडवता, म्हणजे रँडम काही न वापरता करायचं असेल तर किमान एन बिट लागतातच. प्रूफ असं. दोघांकडे सेम फाइल असेल अशा जोड्या दोनच्या एनव्या घाताएवढ्या. एनपेक्षा कमी बिटांत बोलायचं ठरवलं तर संभाषणं तेवढी होऊच शकत नाहीत, म्हणून दोन वेगळ्या फाइलींसाठी, धरा एक लाल आणि एक निळी, संभाषण अगदी सेम झालं असणार. आता जळगाववाल्याला लाल द्या आणि धुळेवाल्याला निळी. जळगाववाला त्याची फाइल लाल आहे तेव्हा बोलतो तसंच बोलणार, धुळेवाला निळी असताना बोलतो तसंच, आणि ती दोन्ही संभाषणं सेमच होती, म्हणजे आत्ताही तेच होणार आणि दोघे "सेम आहे" म्हणून मोकळे होणार. चूक झाली. हे प्रूफ सांगताना घाई करू नका, दोन पोरांना उभं करून हातात दोन कागद देऊन करवून घ्या, पहिल्यांदा कोणालाच पटत नाही की तिसऱ्यांदाही तेच संभाषण का होणार.

आता नाणं वापरा. फाइलीचे बिट म्हणजे बहुपदीचे सहगुणक समजायचे. एनच्या वर्गापेक्षा मोठी आणि त्याच्या दुपटीपेक्षा लहान अशी मूळ संख्या (प्राइम) घ्या. जळगाववाला शून्यापासून त्या मूळ संख्येच्या आधीपर्यंतचा कुठलाही एक आकडा रँडम उचलतो, आपल्या बहुपदीत घालतो, मूळ संख्येने भागून उरलेली बाकी आणि तो आकडा, दोनच गोष्टी धुळ्याला पाठवतो. धुळेवाला तोच आकडा आपल्या बहुपदीत घालून ताडून बघतो.

लहान उदाहरण: एन म्हणजे ४, मूळ संख्या १७. फाइली १०११ आणि १००१. बहुपदी झाल्या १ + क्षवर्ग + क्षघन आणि १ + क्षघन. आकडा ३ निघाला तर पहिलीत १ + ९ + २७ = ३७, बाकी ३. दुसरीत १ + २७ = २८, बाकी ११. वेगळ्या, पकडलं. फसणार कधी? दोन्हींचा फरक क्षवर्ग, तो शून्य होतो फक्त क्ष शून्य असताना, म्हणजे १७ पैकी एकाच आकड्याला. कुठल्याही चार बिटांच्या दोन वेगळ्या फाइली घेतल्या तरी फरकाची बहुपदी जास्तीत जास्त तिसऱ्या घाताची, तिला मुळं (ती शून्य होते ते आकडे) जास्तीत जास्त तीन, म्हणून फसायची शक्यता १७ त ३ च्या वर जात नाही.

इथे हुशार पोरगी हात वर करेलच, "दादा, चार बिटांची फाइल आणि तुम्ही पाठवले पाच-पाच करून दहा बिट, मग फाइलच पाठवायची ना." हा प्रश्न आला की टॉक रुळावर आहे. उत्तर द्यायला १ जीबीची फाइल घ्या, २ चा ३३ वा घात म्हणजे साधारण ८५९ कोटी बिट. मूळ संख्या ६७ बिटांची, दोन आकडे मिळून १३४ बिट. एका साध्या एसएमएसमध्ये ११२० बिट मावतात, तर आपलं सगळं काम एका एसएमएसच्या आठव्या भागात झालं, आणि फसायची शक्यता ८५९ कोटीत एकाहूनही कमी. आणि हॅशवाल्याला आता परत वळून सांगा की फरक काय पडला: नेहमीचा हॅश आधीच ठरलेला असतो, त्यामुळे त्याला फसवणारी जोडी कुठेतरी असतेच, इथे फाइली ठरल्यानंतर आकडा उचलतो, म्हणून कुठलीही जोडी आणा, बहुतेक आकडे तिला पकडणारच.

शेवटचा तुकडा माझ्या सगळ्यात आवडीचा. विचारा, १७ ऐवजी १६ घेतले असते तर? सोपंच झालं असतं की, चार बिटांत मावलं असतं. करून बघा: फरक क्षवर्ग होता, १६ ने भागून बाकी शून्य कधी? ०, ४, ८ आणि १२ ला. दुसऱ्या घाताच्या बहुपदीला चार मुळं! आपला तीनचा हिशोब तिथेच मोडला. मूळ संख्या का घ्यायची ते सांगून पटत नाही, हे चार आकडे फळ्यावर आले की पटतं.

बोलताना आणि अडवताना

कोणीही, कधीही, हात वर न करता थांबवू शकतो. "इथपर्यंत समजलं का?" ह्याला सगळे हो म्हणतात, म्हणून ते विचारू नका, त्याऐवजी "आता पुढची ओळ काय असेल?" विचारा. "हे तर उघडच आहे" आणि "ट्रिव्हियल आहे" ह्या दोन वाक्यांना बंदी घाला, म्हटलं की त्याने चहा पाजायचा. एका प्रश्नावर दहा मिनिटांहून जास्त गेली तर फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात "अडलंय" म्हणून लिहा आणि पुढे सरका.

भाषा आपली वापरा. लेमा, ग्राफ, रिडक्शन हे शब्द आहेत तसेच राहू द्या आणि बाकीचं वाक्य मराठीत, अहिराणीत, लेवा बोलीत, जशी जीभ वळेल तसं. इंग्रजीत बोलायची सक्ती केली की पोरं प्रूफ सोडून वाक्य जुळवत बसतात. परिषदेत बोलायचं असेल त्याने इंग्रजीची प्रॅक्टिस जरूर करावी, पण वेगळी.

पुण्याला नोकरी करणारा कोणी मोबाइलवरून जोडला जात असेल तर फोन बाकावर पुस्तकांच्या थप्पीला टेकवून फळ्याकडे तोंड करून ठेवा, बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे नाही, आणि एकाला जबाबदारी द्या की त्याचा प्रश्न मोठ्याने वाचून दाखवायचा. पुसायच्या आधी फळ्याचा फोटो.

अर्धवट कामावरचा टॉक

पीएचडी करणाऱ्यांना हा जास्त उपयोगाचा आणि त्यांनाच ह्याची भीती जास्त. तीन गोष्टी फळ्यावर लिहा: मला काय सिद्ध करायचंय, कुठली वाट धरली, आणि ती नेमकी कुठल्या ओळीला तुटते. तुटण्याचं लहान उदाहरण असेल तर सोनं. "अजून काम चालू आहे" असं गुळमुळीत बोललात तर कोणी मदत करू शकत नाही. कल्पना चोरीला जाईल ह्या भीतीवर उपाय असा की त्या दिवसाची एक पानाची नोंद ग्रुपवर तारखेसह टाकायची, कोणी काय सुचवलं ते नावासह. थिअरीत पेपरवर नावं सहसा आडनावाच्या अक्षरक्रमाने लागतात, पहिला-दुसरा हे भांडण कमी असतं, पण नाव घालायचं की आभार मानायचे हे बोलून घ्या आणि लवकर बोलून घ्या.

परीक्षेच्या काळात ओढून ताणून चालवू नका, "दिवाळीनंतर पहिल्या शनिवारी" असं तारखेसकट जाहीर करून थांबवा. तारीख न सांगता थांबलेला कट्टा परत भरत नाही.

पहिल्या चार टॉकचा क्रम मी असा लावेन: पहिला काराट्सुबा, जो कट्टा काढतोय त्यानेच द्यायचा. दुसरा वरचा जळगाव-धुळेवाला. तिसरा कार्गर, गणितवाल्याने. चौथा अशा माणसाने द्यायचा ज्याने पहिल्या तिन्हींत सगळ्यात जास्त प्रश्न विचारले, त्याला विषय तुम्ही देऊ नका, "अडलंय"च्या कोपऱ्यात जे साचलंय त्यातलाच एक त्याने उचलायचा.